पंचेचाळिशीतली ज्युलिएट

"मावशी, ही ज्युलिएटची आई का गं?"

भाचीने अगदी सरळ मनाने विचारलं. आम्ही दोघी १९५५ सालचा सोविएत 'रोमिओ अँड ज्युलिएट' पाहत बसलो होतो. बॅलेवर बेतलेला सिनेमा, बोलणं जवळजवळ नाहीच, सगळं शरीरांवर आणि संगीतकार प्रोकोफिएवच्या संगीतावर सोडलेलं. ज्युलिएट पहिल्यांदा येते ती दाईला चिडवत, खोलीभर बागडत. कॅमेरा जवळ गेला, ज्युलिएट झालेल्या सोविएत नर्तिकेचा, गालिना उलानोव्हाचा चेहरा पडदाभर झाला आणि शेजारून हा प्रश्न आला. "नाही गं, हीच ज्युलिएट," मी म्हटलं. ती "अच्छा" म्हणून पुन्हा पाहायला लागली. तिच्या दृष्टीने विषय तिथेच संपला. मी मात्र पुढची दहा-पंधरा मिनिटं पडद्याकडे नुसती बघत होते, दिसत काहीच नव्हतं. तिचं काही चुकलं होतं असंही नाही. शेक्सपिअरची ज्युलिएट चौदाचीसुद्धा पुरती झालेली नाही. उलानोव्हाचा जन्म १९१०चा. सिनेमाचं चित्रीकरण चाललं होतं तेव्हा तिने चव्वेचाळिशी गाठली होती. डोळ्यांखालची कातडी, जिवणीच्या कडा, मानेवरच्या शिरा, कॅमेरा सगळं दाखवतो. त्याला कुणाची भीडभाड नसते.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा भाचीएवढीच होते. मला ती ज्युलिएटच वाटली होती, आई वगैरे अजिबात नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या जुन्या लहान टीव्हीवर तिचा चेहरा मला नीट दिसलाच नसावा. दिसत होती ती एक पांढरी, हलकी आकृती, जी थांबायची तेव्हा अर्धवट थांबायची. पाऊल टाकायची आणि टाकल्यावर ते कशासाठी टाकलं हेच विसरल्यासारखी बघत राहायची. आई समोर आरसा धरते आणि तू आता मोठी झालीस हे दाखवते, त्या प्रसंगात उलानोव्हाचे हात नकळत अंगाशी येतात. कोपर किंचित आत, खांदे पुढे. मोठ्या माणसांनी आपल्या शरीराबद्दल आपल्यासमोरच काही बोलायला सुरुवात केली की त्या वयात अंग कसं चोरलं जातं, ते मला तेव्हा फार चांगलं ठाऊक होतं. माझं वय मला तिच्या खांद्यांत दिसलं. चेहऱ्याचा प्रश्न आलाच नाही.

बॅले मुळात लांबून बघण्यासाठी घडलेली कला. मोठ्या नाट्यगृहात पहिली रांग आणि रंगमंच यांच्यामध्ये अख्खा वाद्यवृंद बसलेला असतो. मागच्या सज्जातल्या माणसाला नर्तिकेच्या पापण्या दिसत नाहीत, दिसते तिची मान. म्हणून हातांच्या रेषा लांब करायच्या, पाठीतून दुःख दाखवायचं, मनगट असं वळवायचं की शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं. तालमीत आयुष्य घालवून हे जमवलेलं असतं. आणि मग सिनेमावाले येतात, ट्रॉली ढकलत सगळं अंतर मिटवून टाकतात. आर्नश्ताम आणि लाव्रोव्स्की या दोघांनी मिळून हा सिनेमा केला. लाव्रोव्स्की तर मूळ बॅलेचा नृत्यरचनाकारच. तरीही कितीतरी ठिकाणी कॅमेरा कमरेवरच कापतो आणि पाय दिसेनासे होतात. मला अशा वेळी पडद्याची खालची कड हाताने ओढून खाली करावीशी वाटते. पाय दाखवा ना! ती पंजांच्या टोकांवर उभी राहून बारीक बारीक पावलांनी सरकते आहे आणि तुम्ही मला तिचं कपाळ दाखवताय. पण याच कॅमेऱ्याने तिचे फिकट डोळेही जपून ठेवले, जे कुठल्याच सज्जातून कुणाला इतक्या जवळून दिसले नसते. त्यामुळे माझी तक्रार कधी पुरी होत नाही. मध्येच विरघळते.

या बॅलेचं संगीत आणि उलानोव्हा यांची सुरुवात काही गोडीगुलाबीची नव्हती. १९४० सालच्या जानेवारीत लेनिनग्राडच्या किरोव थिएटरात लाव्रोव्स्कीने हा बॅले उभा केला, तेव्हा कलाकार या संगीताला वैतागलेले होते. ठेका हाताला लागत नाही, सूर ओळखीचे नाहीत, आणि तिसऱ्या अंकात ज्युलिएटचा पलंग मागे, तिथे वाद्यवृंद धड ऐकूच येत नाही. उलानोव्हाने ही हकिकत स्वतः सांगून ठेवली आहे. प्रोकोफिएव चिडला. तुम्हाला संगीत नको, ढोल हवेत, असं त्याने सुनावलं. नर्तकांनी त्याला रंगमंचावर बोलावलं, पलंगावर बसवलं आणि म्हटलं, आता इथून ऐका. तो बसला, ऐकत राहिला, आणि शेवटी, ठीक आहे, मी यात भर घालतो, एवढं म्हणून गेला. मला हा प्रसंग जितक्या वेळा आठवतो तितक्या वेळा आवडतो. एवढा मानी संगीतकार, ज्युलिएटच्या पलंगावर सूट घालून कान टवकारून बसला आहे, आणि त्याचं स्वतःचं संगीत त्याला ऐकू येत नाही. प्रयोगानंतरच्या मेजवानीत उलानोव्हाने शेक्सपिअरच्या शेवटच्या ओळींचं विडंबन करून जाम उंचावला, की प्रोकोफिएवने रोमिओसाठी केलेल्या संगीताहून करुण कहाणी जगात दुसरी नाही. तीच उलानोव्हा पुढे या संगीताशी इतकी एकजीव झाली की आता ते ऐकताना तिची मानच आधी डोळ्यांसमोर येते.

सिनेमातली कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या घरची मेजवानी पाहावी. संगीताचा तो जड, पायाखालची जमीन दाबत येणारा भाग आता सगळीकडे ऐकू येतो, जाहिरातींतसुद्धा. पण त्यावर लाव्रोव्स्कीने बसवलेला नाच पाहिला की त्याचा अर्थ अंगावर येतो. पुरुष हातात उशा घेऊन येतात. मखमली, गोंडे लावलेल्या. त्या बायकांच्या पायांशी टाकायच्या, त्यावर गुडघा टेकायचा, झग्याची कड ओठांना लावायची आणि पुन्हा उठायचं. सगळं एका मापाने, एका वजनाने. कुणी कुणाकडे बघत नाही. झगे इतके जड की त्यांच्या आत माणूस आहे की लाकडी चौकट, कळू नये. घराणं म्हणजे काय, अब्रू म्हणजे काय, दोन कुळांचं वैर इतकी वर्षं कशावर पोसलं जातं, हे सगळं त्या उशांमध्ये आहे. आणि याच दालनात थोड्या वेळाने ती पोरगी येते, तिला कुठल्याच झग्याचं वजन ठाऊक नसतं. इथे मात्र कॅमेरा मागे सरकला आहे, अख्खं दालन दिसतं, आणि मला अगदी मनापासून त्याचे आभार मानावेसे वाटतात.

ज्युलिएटचा मामेभाऊ टिबाल्ट मरतो तेव्हाचे संगीतातले आघात मी मोजत बसते. पंधरा. एकाच जागी, एकाच ताकदीने हाणलेले. त्यानंतर कॅप्युलेटची बायको केस सोडून प्रेतावर पडते आणि तिरडीवर चढते. तिरडी उचलली जाते तेव्हा ती वरच असते. काहींना हे अतिरंजित वाटतं. मला नाही वाटत. उशांच्या नाचातली ही तीच बाई, ताठ, मोजून पावलं टाकणारी. एवढं आवळून बांधलेलं घर फुटतं तेव्हा ते असंच फुटणार.

आणि मग तिसरा अंक. ज्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा पुन्हा लावते तो प्रसंग. रोमिओ हद्दपार झालेला, बाप पॅरिस नावाच्या उमरावाशी लग्न लावायला निघालेला, आई पाठ फिरवून गेलेली. ज्युलिएट झगा अंगावर ओढते आणि पाद्री लॉरेन्सकडे धावत सुटते. बस, धावते. यात एकही अवघड उडी नाही, गिरकी नाही, बॅलेच्या शाळेत शिकवतात तसं काही नाही. छाती पुढे, डोकं थोडं मागे, झगा पाठीमागे पसरलेला. उलानोव्हाच्या या धावण्याबद्दल तिच्या काळातल्या लोकांनी भरभरून लिहिलं. १९५६ साली मॉस्कोचा बोल्शोय बॅले लंडनला गेला, कोव्हेंट गार्डनच्या नाट्यगृहात याच बॅलेने सुरुवात झाली, उलानोव्हा सेहेचाळीस वर्षांची होती, आणि हे धावणं पाहून तिथली बॅले जाणणारी मंडळी थक्क झाली. मी ते फक्त पडद्यावर पाहिलेलं. तरीही प्रत्येक वेळी मला जाणवतं ते तिच्या पायांचं वय. त्या पायांना अजून पडायची भीती शिकवलेली नाही. मोठी माणसं धावताना आधी जमीन बघतात. ही बघत नाही. इथे भाची पुढे वाकून बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही.

आता दुसरा सिनेमा. १९६६चा, पॉल झिनरने केलेला. लंडनच्या रॉयल बॅलेचा 'रोमिओ अँड ज्युलिएट', नृत्यरचना केनेथ मॅकमिलनची, ज्युलिएट मार्गो फॉन्टेन आणि रोमिओ रुडॉल्फ नुरेयेव. संगीत तेच. झिनरची पद्धत आर्नश्तामच्या अगदी उलट. त्याने कहाणी उघड्या आभाळाखाली नेली नाही. प्रयोग प्रयोगासारखाच ठेवला, अनेक कॅमेऱ्यांनी टिपला. रंगमंच रंगमंचच राहतो, निकोलस जॉर्जियाडिसचे ते गंजट सोनेरी, मातकट लाल कपडे आणि उंच कमानी तशाच राहतात. या सिनेमात पाय दिसतात. नुरेयेव बागेत उसळतो तेव्हा तो जमिनीवरून सुटतो कुठून आणि येतो कुठे, हे पूर्ण दिसतं. १९६१ साली पॅरिसच्या विमानतळावर सोविएत पहारेकऱ्यांच्या हातून निसटलेला हा तरुण. त्याच्या प्रत्येक उडीत अजूनही कुणीतरी मागे लागल्याचा भास होतो.

मॅकमिलनने त्या धावण्याच्या आधी एक गोष्ट केली. ज्युलिएटला पलंगाच्या कडेवर बसवलं आणि बसूनच ठेवलं. वाद्यवृंद उंच उंच चढत जातो, इतका की कुठल्याही नर्तिकेला उठून नाचल्याशिवाय राहवू नये. आणि ती बसलेली. पाय जुळवून, हात मांडीवर, समोर बघत. काही करत नाही. मनात निर्णय आकाराला येतो आहे आणि शरीराला त्याची बातमी अजून पोचलेली नाही. नर्तिकेला नाचू न देता तिच्याकडून एवढं मोठं काम करून घेणं, तेही बॅलेत, याला फार धीटपणा लागतो. उलानोव्हाचं धावणं मला आधीपासून लाडकं, म्हणून सुरुवातीला मी या बसण्याकडे थोडी आकसानेच पाहिलं. हळूहळू तेही मनात शिरलं. आता मला एकावाचून दुसरं अपुरं वाटतं.

फॉन्टेन पहिल्या प्रयोगाच्या वेळी, १९६५च्या फेब्रुवारीत, पंचेचाळीस वर्षांची होती. म्हणजे दोन्ही सिनेमांतल्या ज्युलिएट जवळजवळ एकाच वयाच्या. तिच्या जागी दुसरी कुणी असायला हवी होती, हे इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मॅकमिलनने ही ज्युलिएट लिन सेमूरच्या अंगावर रचली होती, आणि रोमिओ क्रिस्तोफर गेबलच्या. विशीतली, धसमुसळी, सुंदर दिसण्याची फिकीर नसलेली सेमूर. पलंगावरचं ते बसणं, बाहुली टाकून उठणं, पॅरिसच्या हातांत हाडं नसल्यासारखं लोंबकळणं, हे सगळं तिच्या शरीरातून निघालं. पण उद्घाटनाचा प्रयोग गेला फॉन्टेन आणि नुरेयेवकडे, कारण त्या जोडीच्या नावावर जगभर तिकिटं खपत होती. पडदा त्रेचाळीस वेळा उघडावा लागला म्हणतात, इतक्या टाळ्या. पुढे सिनेमाही त्यांचाच झाला. सेमूरची ज्युलिएट पाहिलेली माणसं तिच्याबद्दल ज्या जिव्हाळ्याने बोलतात ते वाचलं की मला या सिनेमाचा राग येतो. मग फॉन्टेन पडद्यावर येते आणि राग टिकत नाही. १९६४च्या जूनमध्ये तिच्या नवऱ्याला पनामात गोळ्या घातल्या गेल्या. तो वाचला, पण शरीर कायमचं लुळं पडलं. त्यानंतर आठ महिन्यांनी ती ज्युलिएट नाचत होती. बहुतेक नर्तिका ज्या वयात थांबतात त्या वयात ती नाचत राहिली, त्यात त्याच्या उपचारांचा खर्च हेही एक कारण होतं. तिच्या ज्युलिएटमध्ये सेमूरचा रांगडेपणा नसेल. पण पॅरिसने हात धरल्यावर तिच्या अंगातून जीव कसा ओसरत जातो ते पाहावं. ती त्याच्यापासून मागे मागे सरकते, पंजांच्या टोकांवर, पावलं इतकी बारीक की पाय हलताना दिसतच नाहीत, नुसतं अंतर वाढत जातं. नकार द्यायची दुसरी कुठली सोय तिला ठेवलेलीच नाही. हे चौदा वर्षांच्या मुलीला कळेल, पण करता येणार नाही. ते करायला तीसेक वर्षांची तालीम लागते.

मला वाटतं, गोम इथेच आहे. दंतकथेतली मुलगी कोवळी असते, तिला दाखवू शकणारं शरीर तोवर कोवळं राहिलेलं नसतं. रंगमंचावरचं अंतर ही तफावत झाकून घेतं. सिनेमा ती उघडी करतो. म्हणून काही जण हे सिनेमे सहन करू शकत नाहीत, आणि मला नेमके त्यासाठीच ते जवळचे वाटतात. उलानोव्हाच्या चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ दिसत असताना तिचे खांदे चौदा वर्षांचे होतात, हे मला घडताना दिसतं. एखाद्या खऱ्या चौदा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत मला काहीच घडताना दिसलं नसतं. ती तर होतीच.

शेवटाबद्दल लिहायचं राहिलंच होतं. प्रोकोफिएवने १९३५ साली हे संगीत रचलं तेव्हा शेवट सुखाचा होता. ज्युलिएट वेळेवर जागी होते, रोमिओ जिवंत असतो. कारण त्याने स्वतःच लिहून ठेवलं आहे आणि ते निव्वळ नाचापुरतं आहे. जिवंत माणसं नाचू शकतात, मरायला टेकलेली माणसं आडवी पडून नाचू शकत नाहीत. पुढे कुणीतरी त्याला म्हणालं, तुझ्या शेवटच्या संगीतात खरा आनंद ऐकू येत नाही. ते त्याच्या मनाला लागलं. नृत्यरचनाकारांशी बोलणं झालं, मरणही नाचातून दाखवता येईल असं ठरलं आणि शेवट बदलला. मधल्या काळात त्या देशात काय काय चाललं होतं! सुखाच्या शेवटाची संहिता लिहिण्यात ज्यांचा हात होता त्यांपैकी आद्रियान पिओत्रोव्स्कीला १९३७ साली गोळी घालून मारण्यात आलं. पहिला प्रयोग मायदेशात झालाच नाही. तो १९३८च्या डिसेंबरात चेकोस्लोव्हाकियात, ब्र्नो शहरात झाला. हे एकदा कळल्यावर लाव्रोव्स्कीच्या सिनेमाचा शेवट मला पूर्वीसारखा पाहता येत नाही. तिथे दोन प्रेतांच्या साक्षीने दोन्ही घराण्यांचे म्हातारे बाप हातात हात देतात. मूळ नाटकातही समेट आहे, त्याने पदरचं काही घातलेलं नाही. तरी तो हात पाहताना माझ्या मनात पिओत्रोव्स्की येतो, आणि समेट फार स्वस्तात झाल्यासारखा वाटतो.

मॅकमिलनने बाप आणलेच नाहीत. त्याच्या दफनघरात रोमिओ येतो, ज्युलिएट मेली आहे असं समजून तिला शिळेवरून उचलतो आणि तिच्याबरोबर नाचायला लागतो. बागेत पहिल्या रात्री ज्या लिफ्ट घेतल्या होत्या, म्हणजे तिला जसं जसं उचलून घेतलं होतं, त्यांच्याच खुणा. तिचा हात आपल्या गळ्यात टाकतो, तो घसरतो. तिला छातीशी धरून उभी करतो, तिचे पाय जमिनीवरून फरपटतात, पंजे उलटे. मान मागे पडते. बॅलेत नर्तिका लिफ्टच्या वेळी स्वतःचं वजन स्वतः सांभाळून वर जात असते, म्हणून ती हलकी दिसते. इथे फॉन्टेनला हलकं दिसायचंच नाही. मेलेल्या माणसाचं सगळं वजन नुरेयेवच्या हातांवर आलेलं दिसायला हवं, आणि तरी आतून शरीर आवरलेलं हवं, नाहीतर दोघांनाही दुखापत व्हायची. झिनरचा कॅमेरा इथे फार धावपळ करत नाही. लाव्रोव्स्कीचा रोमिओही तिला उचलतो, डोक्याच्याही वर, पुतळ्यासारखी. तिथे मरणाला मोठेपणा आहे. इथे मरण म्हणजे हातातून निसटणारं ओझं आहे, आणि मला हेच खरं वाटतं. त्यानंतर ती जागी होते, त्याला पाहते, सुरा उचलते, आणि शेवटी शिळेवरून त्याच्याकडे हात लांबवते.

मूळ सुखान्त संगीतावर मार्क मॉरिस या अमेरिकी नृत्यरचनाकाराने २००८ साली बॅले केला. तो मी पाहिलेला नाही, पाहायची इच्छा मात्र फार आहे. त्या दोघांना एकदा तरी जिवंत उठून नाचताना बघावं, असं मलाही वाटतंच. पण प्रोकोफिएव १९५३च्या ५ मार्चला गेला, हे दोन्ही सिनेमे निघण्याआधीच. मेलेली माणसं नाचू शकत नाहीत म्हणणाऱ्या त्या हट्टी माणसाला समोर बसवून नुरेयेवच्या हातांतली ती फॉन्टेन दाखवायला आणि मग त्याच्याशी रात्रभर वाद घालायला मला फार आवडलं असतं.